दहाव्या आठवड्यातला निबंध

सोमवार, १३ नोव्हेंबर २०२३. त्या वर्षी अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी आलं होतं. सोमवारी दुपारी अडीचला भाचीच्या शाळेतून फोन आला. तिचे ॲडव्हायझर, म्हणजे शाळेने तिच्यासाठी नेमलेले मार्गदर्शक शिक्षक, बोलत होते. इतिहासाच्या निबंधातले दोन परिच्छेद इंटरनेटवरच्या एका लेखाशी फार जुळतात, शिक्षिकेने प्रकरण शिस्त समितीकडे दिलं आहे, भारतात आत्ता मध्यरात्र असेल म्हणून आधी स्थानिक पालक या नात्याने तुम्हाला कळवतोय, असं ते म्हणाले. आवाज सौम्य होता. मला मात्र पुढचा अर्धा तास खुर्चीतून उठवलं नाही.

हे प्रकरण मी भाचीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही. शाळा मॅसॅच्युसेट्समध्ये आहे एवढं पुरे. मी याच राज्यातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये, परदेशातून नुकत्याच आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं, हे माझं रोजचं काम. बहिणीच्या मुलीला ते शिकवावं लागेल हे तिच्या पहिल्या दहा आठवड्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. ती वर्गात पहिली येणारी मुलगी. तिला काय शिकवायचं, असं मी धरून चालले होते.

नाशिकहून इथवर

ती नाशिकची. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून नववी झाली आणि सप्टेंबरात इथे दहावीत आली. वडिलांचं सातपूरला यंत्रांचे सुटे भाग करणारं लहानसं युनिट आहे, आई शिक्षिका. अशा घरातली मुलगी अमेरिकेतल्या निवासी शाळेत कशी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०२३ मध्ये इथल्या नावाजलेल्या निवासी शाळांची राहण्या-जेवणासकट वर्षाची फी ७०,००० डॉलरच्या आसपास होती. त्या वेळच्या दराने सुमारे ५८ लाख रुपये. हिला शाळेने त्यातला बहुतेक भाग आर्थिक साहाय्य म्हणून दिला. उरलेला वडील भरतात, आणि तो त्यांना हलका नाही. इथल्या सरकारी शाळेत माझ्याकडे राहून का शिकली नाही, असंही लोक विचारतात. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या मुलाला सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिनेच शिकता येतं, आणि तेही पूर्ण खर्च भरून. खाजगी शाळेला ही मर्यादा नाही. म्हणून परदेशी मुलं खाजगी निवासी शाळांकडे वळतात.

अर्ज साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत जातात, बऱ्याच शाळांचे निकाल १० मार्चला लागतात आणि १० एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो. त्यानंतर शाळेकडून व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद येतो, परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीची ३५० डॉलर फी भरायची, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत द्यायची. हे सगळं दाजींनी फाईल करून, क्रमाने, चोख केलं. अडलं ते भलत्याच ठिकाणी. शाळेला क्षयाची तपासणी हवी होती. भारतात जन्मलेल्या बाळाला बीसीजी टोचतात, आणि त्यामुळे हातावर टोचून करतात ती चाचणी खोटीच ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती करून घ्या, हे कुणी सांगेपर्यंत घर आठ दिवस धास्तावलेलं होतं.

दुसरी गोष्ट औषधांच्या पिशवीची. आईने तापाच्या, पोटाच्या, ॲलर्जीच्या गोळ्या, वर एक अँटिबायोटिकचा कोर्स, सगळं नावं लिहून दिलं होतं. पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रातल्या नर्सने पिशवी ठेवून घेतली. खोलीत गोळ्या ठेवायच्या नाहीत, डोकं दुखलं तरी इथे यायचं. पोरीला वाटलं, आपण काहीतरी चोरून आणताना सापडलो. त्या दिवशी मला तिने हे सांगितलं नाही, दोन महिन्यांनी सांगितलं. सगळ्या प्रकरणाची सुरुवात मी आता तिथून धरते: इथला नियम आपल्याला मोडल्यावरच कळतो, असं तिच्या मनाने त्या दिवशीच घेतलं.

टेबलाभोवती

तिच्या शाळेत इंग्रजी आणि इतिहासाचे वर्ग लंबगोल टेबलाभोवती चालतात. फळा मागे, शिक्षिका मुलांमध्येच बसलेली, टेबलाभोवती बारा जण. ही पद्धत फिलिप्स एक्झिटर या न्यू हॅम्पशायरमधल्या शाळेत १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून सुरू झाली. तिला त्यांचंच नाव आहे, आणि पुढे ती कितीतरी शाळांनी घेतली. शिक्षिका फारसं बोलत नाही. मुलांनी आधी वाचून यायचं आणि एकमेकांशी बोलायचं. हात वर करायचा नाही. कोण किती वेळा बोललं, कुणाच्या बोलण्यावर कोण बोललं, याच्या रेघा काही शिक्षक कागदावर काढत जातात. हिच्या शिक्षिकेच्याही असायच्या.

सहा आठवड्यांत त्या कागदावर हिच्या नावाला तीन रेघा आल्या.

नाशिकमध्ये ती वर्गात उत्तरं द्यायची. इथे गप्प का? मी नंतर तिला विचारलं तेव्हा तिने जे सांगितलं ते मला माझ्या वर्गातल्या मुलांकडूनही ऐकायला मिळतं. उत्तर मनात तयार होतं, त्याचं इंग्रजी वाक्य नीट जुळवेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. मागे नेऊन बोलायचं म्हणजे कुणाला तरी तोडायचं. मोठ्यांना तोडून बोलू नये हे घरात शिकलेलं, आणि टेबलाशी मोठं माणूस बसलेलंच असतं. शिवाय तिला कळेना की बरोबर उत्तर शेवटी सांगतात कधी. तास संपायचा, शिक्षिका ‘छान चर्चा झाली’ म्हणायची आणि मुलं उठायची. ही वहीत लिहायला काही मिळेल म्हणून थांबून राहायची.

ऑक्टोबरच्या मध्याला प्रत्येक विषयाच्या शिक्षकांचे शेरे घरी जातात. इतिहासाच्या शेऱ्याचा आशय असा होता: विचारी मुलगी आहे, लक्षपूर्वक ऐकते, तिने चर्चेत थोडी जोखीम घ्यावी असं मी सुचवेन, लिखाणासाठी माझ्याकडे येऊन बसली तर मला आनंद होईल. नाशिकला हे वाचून सगळे खूश झाले. बहिणीने मला फोन करून सांगितलं, बाई फार कौतुक करतायत. मीही शेरा वाचला आणि मीही ‘छान’ म्हटलं. माझ्याकडून ही चूक व्हायला नको होती, कारण ही भाषा मी स्वतः लिहिते. इथला शिक्षक ‘मी सुचवेन’ म्हणतो तेव्हा ते सुचवणं नसतं. ‘येऊन बसली तर आनंद होईल’ याचा अर्थ ताबडतोब पाठवा, असा असतो. आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकात ‘गणितात लक्ष द्या’ असं तीन शब्दांत येतं ते इथे चार मऊ वाक्यांत येतं, आणि ती वाक्यं परदेशी पालकांपर्यंत पोचत नाहीत.

घड्याळ एक तास मागे

निवासाचा दिवस असा: आठला पहिला तास, साडेतीनला खेळ सक्तीचा, सहाला जेवण, आठ ते दहा अभ्यासाची वेळ. त्या दोन तासांत फोन मजल्यावरच्या पेटीत. दहाला डॉर्म पेरेंट, म्हणजे निवासावर देखरेख करणारे शिक्षक, हजेरी घेतात, फोन परत मिळतो आणि साडेदहाला दहावीच्या मुलींचे दिवे बंद. म्हणजे घरी बोलायला रोज रात्री दहा ते साडेदहा. नाशिकमध्ये तेव्हा सकाळचे साडेसात ते आठ. आई सव्वाआठला घर सोडते. पोळ्या लाटता लाटता स्पीकरवर बोलणं व्हायचं. त्यात अभ्यासाचं क्वचित असायचं. आज काय खाल्लंस, इडलीसारखं काहीतरी मिळालं का, पलीकडच्या खोलीतली कोरियन मुलगी काय म्हणते, असलंच सगळं. पण रोज.

रविवारी, ५ नोव्हेंबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली. नाशिकशी अंतर साडेनऊ तासांचं साडेदहा झालं. रात्री दहा म्हणजे तिकडे साडेआठ, आणि आई घरातून गेलेली. त्या आठवड्यात दोघींचं एकदाही बोलणं झालं नाही. मेसेज होते: ‘ठीक आहेस ना’, ‘हो’, ‘फराळाचा डबा पोचला का’, ‘अजून नाही’. अमेरिकेत असं वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात हे नाशिकला कुणाला नीटसं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या आईला फोन करायची वेळ मी दर नोव्हेंबरला बदलते. हिच्यासाठी ती बदलायला हवी, हे मात्र सुचलं नाही.

तोच तिचा दहावा आठवडा. इतिहासाचा पहिला मोठा निबंध शुक्रवारी सकाळी आठला द्यायचा होता. विषय: लोवेलच्या गिरणीतल्या मुलींनी १८३४ आणि १८३६ मध्ये संप का केले?

लोवेल हे बॉस्टनच्या वायव्येचं गाव. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर १८२० च्या दशकात तिथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्या चालवायला न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली आणल्या. त्यांना कंपनीने बांधलेल्या वसतिगृहात राहावं लागे. घर सांभाळणारी बाई त्यांच्यावर लक्ष ठेवी आणि रात्री दहाला दार बंद होई. भाचीला हे वाचताना आपल्याच डॉर्मची आठवण झाली होती. ती म्हणाली, “मावशी, पण ते निबंधात लिहायचं असतं का? ते माझं आहे ना, उत्तर थोडंच आहे.”

गुरुवार, ९ नोव्हेंबरची रात्र. नाशिकला वसुबारस. अभ्यासाच्या वेळेत तिने तीन वेळा सुरुवात खोडली. निबंधात ‘थीसिस’ हवा, म्हणजे तुमचं स्वतःचं, वाद घालता येईल असं म्हणणं पहिल्याच परिच्छेदात हवं, असं शिक्षिकेने सांगितलं होतं. राज्य मंडळाच्या नऊ इयत्तांत तिला कुणी स्वतःचं म्हणणं मागितलं नव्हतं. मुद्दे मागितले होते, पाच गुणांना पाच. दिवे बंद झाल्यावर पांघरुणात लॅपटॉप उघडून ती शोधत राहिली आणि एका अभ्यास-संकेतस्थळावर तिला सगळे मुद्दे क्रमाने लावलेले सापडले.

समितीआधीचे तीन दिवस

शिक्षिकेची पहिली शंका चॅटजीपीटीची होती. ते येऊन वर्षही झालं नव्हतं आणि शाळेत त्यावरून धुमाकूळ चालू होता. पण टर्निटिन या तपासणी-प्रणालीने मूळ लेखच दाखवला. त्यावरचा टक्केवारीचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. अवतरणं नीट दिलेला प्रामाणिक निबंधही त्यात रंगून येतो. इथे मात्र शेजारी शेजारी ठेवल्यावर वाद उरत नव्हता. वाक्यांचा सांगाडा मूळचा, मधले शब्द बदललेले.

लेखन शिकवणाऱ्यांमध्ये याला पॅचरायटिंग म्हणतात. रिबेका मूर हॉवर्ड या अभ्यासिकेने हा शब्द रूढ केला. नव्या क्षेत्रात, नव्या भाषेत शिरणारा विद्यार्थी मूळ वाक्याला ठिगळं लावत लावत लिहितो. ती शिकण्याची एक पायरी असते, तिला सरसकट चोरी म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. मी ते मानते. आपल्याकडे तर उत्तर जितकं पुस्तकाच्या शब्दांत तितके गुण जास्त. नऊ वर्षं ज्या कौशल्यासाठी शाबासकी मिळाली त्याचसाठी दहाव्या वर्षी समितीपुढे उभं राहावं लागलं, तर मुलाला जमीन हललीशी वाटणारच.

म्हणून मंगळवारी मी तिच्याशी बोलायला बसले तेव्हा माझ्या मनात बचाव तयार होता. हिला माहीत नव्हतं, दोन शिक्षणपद्धतींतला फरक आहे, असं पत्र मी समितीला लिहिणार होते. तिने आधी आपला लेखी जबाब वाचून दाखवला. अर्ध्या पानात ‘मला अतिशय खेद वाटतो’ सहा वेळा होतं आणि काय केलं ते एकदाही नव्हतं. मी म्हटलं, “माफी बाजूला ठेव. गुरुवारी रात्री साडेदहापासून काय काय केलंस ते क्रमाने सांग.”

तिने सांगितलं. पान उघडलं, वाचलं, आवडलं. एक परिच्छेद तसाच घेतला. मग दुसरा. मग शब्द बदलले.

“का बदललेस?”

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कळू नये म्हणून.”

माझं पत्र तिथेच संपलं. इतक्या महिन्यांनी मला वाटतं, या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. तिला पद्धत माहीत नव्हती हे खरं, आणि आपण काहीतरी झाकतोय हे तिला त्या रात्री कळत होतं हेही खरं. परदेशी मुलांच्या बाबतीत आम्ही शिक्षक आणि नातेवाईक यातलं एकच धरतो. एक तर मूल लबाड, नाहीतर बिचारं अजाण. दोन्हींत मुलाला स्वतःचं खरं सांगायला जागा राहत नाही. मी तिला म्हटलं, हेच लिही, एवढंच लिही.

दरम्यान नाशिकहून दाजींचा फोन. पहिला प्रश्न व्हिसाचा. तो रास्त होता. एफ-१ टिकतो तो पूर्णवेळ शाळेत असण्यावर. ताकीद, शून्य गुण, पत्र याने व्हिसाला काही होत नाही. शाळेतून काढलं तर शाळेला सेव्हिसमधली नोंद बंद करावी लागते, आणि मग ६० दिवसांची सवलतही मिळत नाही, ती अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना असते. रीतसर परवानगी घेऊन शाळा सोडली तर १५ दिवस. हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे काढणार नाहीत ना, तेवढं सांगा तुम्ही.” मला ते सांगता येत नव्हतं. दुसरा प्रश्न कॉलेजचा. कॉमन ॲप या सामायिक अर्जातून विद्यार्थ्याला शाळेतल्या शिस्तभंगाबद्दल विचारणारा प्रश्न २०२१ पासून काढला आहे, पण एखादं कॉलेज आपल्या पुरवणीत विचारू शकतं. विचारलं तर खरं सांगायचं. तिसरी गोष्ट त्यांनी विचारली नाही, ठरवूनच टाकली: आजीला यातलं काही कळता कामा नये.

गुरुवारी, १६ तारखेला समिती बसली. काही शिक्षक, काही विद्यार्थी, तिच्या बाजूला ॲडव्हायझर. मला आत जाता येणार नव्हतं. आदल्या रात्री मी तिला एकच गोष्ट शिकवली: बोलताना समोर बघ. आपल्याकडे चूक कबूल करताना मान खाली असते. वर बघितलं तर उद्धटपणा. इथे खाली बघणाऱ्याला पश्चात्ताप नाही असं वाटू शकतं. ॲडव्हायझरांनी नंतर सांगितलं की ‘कळू नये म्हणून शब्द बदलले’ हे वाक्य तिने वर बघून वाचलं आणि खोलीतला सूर बदलला. निकाल: निबंधाला शून्य, तो पुन्हा लिहायचा पण गुण मिळणार नाहीत, लेखन केंद्रात सहा बैठका, घरी पत्र. निलंबन नाही.

शाळेबद्दल एक तक्रार मला मांडायचीच आहे. समितीपुढे तिने पहिल्या आठवड्यात सही केलेला प्रामाणिकपणाचा करारनामा ठेवला होता. ती सही तिने केली तेव्हा तिला अमेरिकेत उतरून तीन दिवस झाले होते, झोपेचं चक्र जागेवर नव्हतं, आणि त्याच दिवशी तिने आणखी नऊ कागदांवर सह्या केल्या होत्या. करारनामा समजावून सांगितला होता, पण एखादा परिच्छेद समोर ठेवून ‘हे चालतं, हे चालत नाही’ असं एकदाही करून दाखवलं नव्हतं. तिच्या लेखन केंद्राच्या त्या सहा बैठका सप्टेंबरात झाल्या असत्या तर! मी हे शाळेला लिहून कळवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

लोवेल आणि लालबाग

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत निवास बंद होतो. मंगळवारी २१ तारखेला दुपारी बारापर्यंत सगळ्यांनी खोल्या सोडायच्या. ज्यांचं इथे कुणी नसतं ती मुलं मैत्रिणीकडे जातात किंवा शाळा एखादं कुटुंब शोधून देते. मी तिला आणायला गेले तेव्हा मला युंग विंग आठवला. १८४७ मध्ये तो चीनमधून याच राज्यातल्या मॉन्सन अकादमीत शिकायला आला आणि १८५४ मध्ये येल विद्यापीठातून पदवीधर झाला. पुढे १८७२ पासून त्याच्या प्रयत्नाने दर वर्षी ३०, असे १२० चिनी मुलगे इथे शिकायला आले. त्यांना थोडे थोडे करून आधी कनेक्टिकट खोऱ्यातल्या कुटुंबांत राहायला ठेवलं होतं. भाषा, ताटावरची रीत, कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं घरात. १८८१ मध्ये चीन सरकारने त्यांना परत बोलावून घेतलं, ती वेगळी कहाणी. पण शाळेआधी घर, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. भाची माझ्याकडे पहिल्यांदा मुक्कामाला आली ती अकराव्या आठवड्यानंतर. नीट रुळू दे, मध्ये लुडबुड नको, असं आम्हीच ठरवलं होतं.

शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मी तिला लॅपटॉप उघडू दिला नाही. पुस्तकातलं एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि काय वाचलं ते मला मराठीत सांगायचं. एवढंच. माझ्या वर्गातली मुलं हे पोर्तुगीजमध्ये, स्पॅनिशमध्ये करतात. आपल्या भाषेत सांगताना मूळ वाक्याचा सांगाडा सोबत येऊच शकत नाही. अर्थ तेवढा येतो. मग त्या अर्थाचं इंग्रजी करायचं.

पहिली तीन पानं तिने शाळेत प्रश्नोत्तर म्हणावं तशी सांगितली. १८३४ मध्ये मजुरी कापायचं ठरलं, मुली बाहेर पडल्या, काही दिवसांत संप मोडला. १८३६ मध्ये वसतिगृहाच्या राहण्या-जेवणाचे पैसे वाढवले, पुन्हा बाहेर पडल्या, या वेळी जास्त जणी. इथे ती थांबली.

“पण मावशी, हे म्हणजे पगारच कापला की. फक्त दुसऱ्या खिशातून.”

“मग?”

“आजीकडे असं नव्हतं ना पण. आजीची खाणावळ आजीची होती.”

तिचे आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हेही त्यांतले. पुन्हा आत गेले नाहीत, कुटुंब सिन्नरला परतलं. आजी चाळीतल्या खोलीत सात-आठ कामगारांना जेवू घालायची. गावाहून एकटे आलेले गडी, महिन्याच्या पगारावर पैसे देणारे. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या; १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. भाचीने हे सगळं लहानपणी ऐकलं होतं, ‘आजीच्या गोष्टी’ म्हणून. तो इतिहास आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आजीला फोन लाव आणि विचार.

रात्री नऊला, तिकडे सकाळी साडेसातला, तिने फोन लावला. वही समोर. आजीला वाटलं पोरीला करमत नाहीये म्हणून फोन आला. मग प्रश्न सुरू झाल्यावर ती खुलली. संपात तिने किती महिने उधारीवर जेवू घातलं, कोण गावी गेला तो गेलाच, कुणी चार वर्षांनी येऊन पैसे दिले, मंगळसूत्र कधी ठेवलं आणि कधी सोडवलं. भाचीने विचारलं, मिलवाल्यांनी तुला काही केलं नाही का, संपवाल्यांना जेवू घालतेस म्हणून? आजी म्हणाली, “मालकाचा माझ्या चुलीशी काय संबंध?”

पोरीने हे वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्याच रात्री तिचा थीसिस झाला. लोवेलमध्ये मजुरी देणारा आणि जेवू घालणारा एकच होता, म्हणून जेवणाचा दर हे कंपनीच्या हातातलं हत्यार बनलं. १८३६ चा संप त्या हत्याराविरुद्ध होता, तो केवळ १८३४ ची पुनरावृत्ती नव्हता. इंग्रजी ओबडधोबड होतं. म्हणणं तिचं होतं.

शनिवारी आम्ही लोवेलला जाऊन आलो. कालव्याकाठून चाललो, ‘बूट’ (Boott) नावाच्या जुन्या कापडगिरणीच्या विटांच्या भिंती आणि समोरचं वसतिगृह बाहेरून पाहिलं. थंडी फार होती. ती म्हणाली, इथून दहाच्या घंटेला परत यायचं म्हणजे गिरणीच्या दारातून घराच्या दारात, मध्ये काहीच नाही. तेही वाक्य निबंधात आलं.

त्यानंतर

निबंध डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिला. शिक्षिकेने लालबागवरच्या दोन परिच्छेदांतला एक काढायला लावला. १४६ वर्षांचं अंतर आहे, दोन शहरं वेगळी, तुलना जपून कर, असं तिचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. आजीचं वाक्य ठेवलं, पण त्याला तळटीप हवी: मुलाखत, दिनांक, दूरध्वनीवरून, मूळ मराठी, भाषांतर लेखिकेचं. भाचीच्या आयुष्यातली ती पहिली तळटीप. गुण मिळायचे नव्हतेच. शून्य राहिलं आणि त्या सत्राला इतिहासात सी प्लस आला. तिला इतके कमी गुण कधी मिळाले नव्हते आणि ती त्यावर रडली.

फोनची वेळ सकाळी सव्वासातवर नेली, न्याहारीच्या आधी, म्हणजे नाशिकला संध्याकाळचे पावणेसहा, आई शाळेतून परतलेली. १० मार्च २०२४ ला घड्याळं पुढे जाणार होती, त्याच्या आठवडाभर आधी मी दोन्हीकडे कळवलं. पुढच्या शेऱ्यांचं मी बहिणीला मराठीत भाषांतर करून दिलं नाही. प्रत्येक वाक्यातून शिक्षकाला नेमकं काय हवं आहे तेवढं एका ओळीत लिहून दिलं. ते जास्त उपयोगी पडलं.

टेबलावर ती अजून कमीच बोलते. वसंतातल्या एका तासाचा कागद तिने मला दाखवला, तिच्या नावाला चार रेघा होत्या. शिक्षिकेशी तिचं ठरलं आहे की तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलून टाकायचं, ते आदल्या रात्री लिहून ठेवलेलं असलं तरी चालेल.

आजीला निबंधाबद्दल माहीत आहे. त्याची छापलेली प्रत सिन्नरच्या घरात आहे आणि तळटिपेतलं आपलं नाव तिने नातवाकडून वाचून घेतलं. तो निबंध दुसऱ्यांदा का लिहिला ते तिला अजून सांगितलेलं नाही. दाजींचं म्हणणं, कशाला सांगायचं. भाचीचं म्हणणं, उन्हाळ्यात गेले की मीच सांगणार.